जागा अपुरी आहे

रात्रीचे पावणेअकरा. अँटॉप हिल, तिसरा मजला.
टॅबलेट ऑफिसचा, डिस्क माझी,
मधली आखूड वायर लॅमिंग्टन रोडची, दीडशे रुपयांची,
जरा हलली की दोघांची ओळख मोडते.
डिस्क सुहासच्या एका मोज्यात असते,
त्याचा जोडीदार हरवला तेव्हापासून.
टॅबलेटला भोक एकच:
एक तर वीज घेईल, नाही तर डिस्क.
म्हणून एकोणतीस टक्क्यांवर सुरुवात केली,
ओट्यावर, परातीला टेकवून,
आणि आत सांगितलं, इथे कोणी धक्का मारू नका.

आज बावीस खोल्या मोजल्या.
भिंतीपासून भिंतीपर्यंत, मोरी धरून,
माळा न धरता.
माळा धरत नाहीत, हे बावीस वेळा सांगितलं.
अकरा नंबरच्या इंदुमती शिंगरे म्हणाल्या,
मग तीस वर्षं माझी सासू झोपली कुठे?
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी माळ्याचा फोटो काढला, असाच,
आणि नाव दिलं: ११_इतर.

सगळं निवडलं. कॉपी. पेस्ट.
निळी रेघ सरकली, अडखळली,
आणि टॅबलेट म्हणाला,
जागा अपुरी आहे.

हसूच आलं. हा कोण मला सांगणारा?
दिवसभर हेच तर ऐकून आले,
बावीस तोंडांनी, चहासकट.

जागा करायची म्हणजे काहीतरी काढायचं.
डिस्कच्या तळाशी सात वर्षांपूर्वीचा फोल्डर:
रत्नदीप, बी विंग. माझं पहिलं काम.
तेव्हा लेझर नव्हता.
टेपचं एक टोक इद्रिस धरायचा, दुसरं मी,
आणि आकडा ओरडून सांगायचो,
तेव्हा कुठे घरातल्यांनाही कळायचं
आपण केवढ्यात राहतो ते.
चौसष्ट घरांचे फोटो, आणि जवळजवळ प्रत्येकात
कोपऱ्यात इद्रिसचा अंगठा, काळं पडलेलं नख.
रत्नदीप आता नाही. तिथे पत्रे ठोकलेत,
पत्र्यांवर तलाव रंगवलाय, तलावात बदकं.
माणसं भाडं घेऊन कळव्याला, विरारला, कुठे कुठे.
चौसष्ट घरं
सध्या या मोज्यात राहतात.

१,१४६ आयटम कायमचे हटवायचे?

बॅटरी चौदा.
आतून सुहास: झालं का गं? दिवा.
आमचाही ओटा आणि पलंग एकाच दिव्याखाली.

बोट 'होय'वर नेलं. मागे घेतलं.
वर गेले, खाली आले,
आणि सापडला 'रविवार' नावाचा फोल्डर:
तळोजा, बदलापूर, परत तळोजा,
सॅम्पल फ्लॅटचे आमचे व्हिडिओ, सव्वातीन जीबी.
एकात सुहास बाथरूममध्ये दोन्ही हात पसरून उभा,
बघ, म्हणतो, भिंतीला लागत नाहीत!
आणि स्वतःभोवती गोल फिरतो,
बूट काढलेले, पायात मोजे,
दोन्ही.

तेवढं काढलं.
टॅबलेटने पुन्हा विचारलं नाही,
की विचारलं असेल, मी वाचलं नाही.

रेघ निघाली. खोली एक, खोली दोन,
सातला जरा थांबली (तिथे कुत्रा होता,
चार वेळा मोजावं लागलं),
मग सरळ बावीसपर्यंत.
बॅटरी सहा.
'डिस्क सुरक्षितपणे बाहेर काढता येईल.'
एवढ्या अदबीने काढतात होय कुणाला?

वायर सोडवण्याआधी एक केलं:
११_इतर चं नाव बदललं,
११_माळा_सासूबाई.
उद्या कापसे साहेब विचारतील, हे काय?
मी म्हणेन, मोजलं नाही साहेब,
नुसतं ठेवलंय.

डिस्क गरम होती.
मोज्यात घातली, दिवा घालवला,
अंधारात पलंगापर्यंत चार पावलं.
पाचव्याला सुहासचा पाय लागतो.