टॅनर्स रन, दीडशे मीटर

मी कुणाला पाण्यात पाहत नाही.
पण अ‍ॅक्रन पाहायचं तर पाण्यातच पाहावं लागतं:
बंद टायर-कारखान्यामागे, पुलाच्या सावलीत,
जिथे टॅनर्स रन एका पाइपातून बाहेर पडतो
आणि दुसऱ्यात शिरण्याआधी
दीडशे मीटर ओढ्यासारखा वागतो.

मार्गिट होर्वाथच्या पाठीवर बॅटरी,
हातात टोकाला कडं असलेली काठी.
ती कळ दाबते, पाणी किंचित गुणगुणतं,
आणि मासे पांढरी पोटं वर करून
जबानीला हजर झाल्यासारखे तरंगत येतात.
तेरेल जाळीनं उचलतो. मी लिहिते.

क्रीक चब, एकेचाळीस.
व्हाइट सकर, सतरा.
ग्रीन सनफिश, नऊ. "याला आम्लात टाकलं
तरी संसार थाटेल," तेरेल म्हणतो.
एक बुलहेड, ओठावर वाटाण्याएवढी गाठ.
गाठीला वेगळा रकाना आहे.
बादलीत सोडताना मार्गिट त्याच्याशी
आजीच्या हंगेरियनमध्ये काहीतरी बोलते.
त्याला रकाना नाही.

कठड्यावरून एल्मो गॅडिस बघतोय.
एकतीस वर्षं त्यानं इथे रबर शिजवलं.
"नापास ना?" तो विचारतो.
मी सांगते, साठपैकी गुण असतात,
आणि कमीत कमी बारा.
"म्हणजे मेलेल्या ओढ्यालाही बारा?"
"हो."
"बारा वाजले म्हणून बारा!"
तो हसतो, मग खोकतो, खोकला बराच वेळ चालतो.
आम्ही खाली मान घालून मासे मोजत राहतो.

उथळात, जिथे पाणी दगडांवरून
घाईनं उतरतं, मार्गिट थांबते.
जे तरंगतं ते मोजणं सोपं, ती म्हणते.
डार्टरच्या पोटात हवेची पिशवी नसते.
झटका बसला तरी तो वर येत नाही,
फटीत होता तिथेच पडून राहतो.
त्याच्यासाठी वाकावं लागतं.
ती बुटानं दगड हलवते, खाली तेरेलची जाळी.
गाळ. पानं. बाटलीचं झाकण.
पुन्हा गाळ.

आणि करंगळीएवढा एक,
अंगावर निळे-नारिंगी पट्टे,
कुणीतरी रागानं रंगवल्यासारखा.

एल्मो दुखऱ्या गुडघ्यांनी उतार उतरून आला,
बुटांसकट पाण्यात.
"कुठून आला हा?"
वर पाइप, खाली पाइप. मार्गिटनं खांदे उडवले.
"याला दगडांखाली मोकळी जागा लागते," ती म्हणाली,
"गाळानं न बुजलेली. एवढंच."

मी लिहिलं: रेनबो डार्टर, एक.
चोविसाचे सव्वीस झाले.
शेरा तोच: खराब.

बादल्या रिकाम्या केल्या. चब उधळले.
बुलहेड आपली गाठ घेऊन अंधाराकडे गेला.
डार्टर कुठेच गेला नाही,
तळाला टेकून श्वास घेत राहिला.
आम्ही व्हॅनकडे निघालो तेव्हा
एल्मो गुडघाभर पाण्यात उभाच होता.

"अहो बाई," त्यानं मागून हाक मारली,
"त्याचा दगड नेमका कोणता?
माझा पाय पडायला नको."