शेळीने थुकलेली बी

जैतापूरच्या खाडीवरून दिसतो तो सडा आमचा.
माती कमी, कातळ जास्त.
पहार मारली की ठणका थेट खांद्यात येतो.
उतारावर पूर्वी दाट रान होतं म्हणतात.
मी पाहिलं ते नुसतं कुसळ,
आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या लाल वाटा.

मागे ट्रकभर रोपं आली होती,
सगळी एका जातीची, एका उंचीची,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी.
ती वाढली. चांगली वाढली.
पण त्यांच्या पाल्याला गुरू तोंड लावीना,
आणि खाली गवताची काडी उगवेना.

मग आमच्या गटाने इथलंच बी घ्यायचं ठरवलं.
सात जणी होतो, तिघी उरलो.
वही माझ्याकडे.

धायटी : बी धुळीएवढं, वाळूत मिसळून टाकलं. आली.
कुडा : शेंग तडकायच्या आत काढावी, नाहीतर पदरात धरावी लागते.
पांगारा : फांदी खोचली, विसरले, लागली.
किंजळ : बहुतेक पोचट.
बेहडा : शंभर. गरम पाण्यात, मग शेणात, मग राखेत.
उगवले सात.

सात.
मी वही मिटली आणि ठकू झोरेच्या शेळ्यांवर ओरडले,
कारण त्या समोर होत्या.
तारेचं कुंपण त्यांच्यामुळे,
रात्री डोळा लागत नाही तो त्यांच्यामुळे.
ठकू दगडावर बसून हसत होती.
"उद्या उजाडायला वाड्यावर ये," म्हणाली,
"आणि टोपली आण."

धनगरवाड्यात लेंड्यांचा वास, ओला, ऊबदार.
शेळ्या सोडलेल्या.
त्या रात्रभर बसल्या होत्या तिथे
बेहड्याच्या आठोळ्या पडल्या होत्या,
गर पुसून घेतलेल्या, स्वच्छ,
कोणी धुऊन वाळत टाकाव्यात तशा.
"दिवसा गिळतात," ठकू म्हणाली,
"राती रवंथ करताना थुकून टाकतात.
आमच्या वाड्यामागं बेहडे कुणी लावले वाटतं तुला?"

मी वाकून वेचत राहिले.
साठ पेरल्या. एकेचाळीस आल्या.

त्या महिन्याच्या हजेरीपटात मी लिहिलं :
ठकू झोरे, आणि खाली, शेळ्या सतरा.
तालुक्याच्या साहेबांनी लाल पेनाने गोल केला.

रोपं कुठे लावायची तेही तिनेच दाखवलं.
करवंदीच्या जाळीत हात घालायचा,
सोलवटला तर सोलवटू द्यायचा,
आणि ऐन मधोमध बेहडा ठेवायचा.
काट्यातून शेळीचं तोंड जात नाही.
झाड जाळीच्या वर येईल
तोवर खोड खरखरीत झालेलं असतं.
तारेचे पैसे वाचले. कोपरं अजून दुखतात.

वरच्या सपाट कातळावर मात्र आम्ही खड्डा घेत नाही.
श्रावणात तिथे बोटभर उंचीची निळी फुलं येतात,
त्यांना सावली चालत नाही.
सगळीकडे झाड हवं असं थोडंच आहे.

आणि मग माघात आग लागली.
ऐनाचे डहाळे घेऊन आम्ही धावलो, झोडपत राहिलो,
डोळ्यांत राख, पदराला भोकं.
एकोणीस बेहडे गेले.
नव्या गवतासाठी कोणीतरी काडी ओढली होती.
कोण, ते गावाला ठाऊक आहे.
ठकूलाही. तिचाच धाकटा.

ती चार दिवस आली नाही.
पाचव्या दिवशी अंगणात एक पिशवी होती,
तोंड सुतळीने बांधलेली,
आणि ती स्वतः पार बांधाच्या पलीकडे पोहोचलेली, पाठमोरी,
शेळ्यांना उगाचच हाकारत.

मी पिशवी मोजली नाही.
वहीत "जळाले" असा नवा रकाना ओढला,
एकोणीस लिहिलं.
मग सड्यावर गेले,
तर काळ्या पडलेल्या धायटीच्या बुंध्याशी
तांबूस, नखाएवढं काहीतरी फुटलेलं.
ते कुठल्या रकान्यात घालावं
ते अजून ठरलेलं नाही.