वर्दी

निक्लाई, आज सकाळी तू माझ्या टेबलावर आलास,
सहा तुकड्यांत, तांदळाच्या दाण्यांएवढा.
सहा डब्या. प्रत्येकीवर तुझं नाव
आणि किती सेंटिमीटर आतून काढलंय, ते.
तॉर्सहावनला धुकं इतकं की बंदरातली बोट दिसेना.
दिवा लावला, डोळा भिंगाला टेकवला.

तू वडिलांच्या बोटीवर इंजिन सांभाळायचास.
दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचास
आणि दर रविवारी अर्ध्या जेवणातून उठायचास.
विचारायचं नाही, आई म्हणायची.
बावीस वर्षं झाली त्याला.
बरं वाटलं की तू गोळ्या बंद करायचास.

एकदा तू सांगितलं होतंस,
फोन नव्हते तेव्हा देवमाशांची वर्दी कशी जायची.
एका टेकडीवर आग.
तिचा धूर बघून पलीकडच्या बेटावर आग.
दिवसा गवतावर पांढरी चादर पसरायची.
मग हातातलं टाकून माणसं धावत सुटायची,
कुणाच्या एकाच गालाची दाढी झालेली,
कुणी चर्चमधून, प्रार्थना अर्धी सोडून.
मी विचारलं, आणि आग विझवायचं कोण?
तू हसलास. विझवायची कशाला? पाऊस असतो की.

तुझ्यात पाऊस आला नाही, निक्लाई.

इथे ग्रंथी रांगेत उभ्या असायला हव्यात,
दंडगोल, सरळ, जवळजवळ कंटाळवाण्या.
तुझ्या वाकल्यात, फाटे फुटलेत,
आणि त्यांच्या पोटात पांढऱ्या पेशी शिरून बसल्यात,
मदतीला आल्या त्या परतल्याच नाहीत.
त्यांच्याकडून वर्दी सुटते, इंटरल्यूकिन-सहा,
मला दिसत नाही ती, फक्त पाऊलखुणा दिसतात.
शेजारची पेशी ती दारात घेते,
स्टॅट-तीन नावाचा निरोप्या ती उचलतो
आणि थेट केंद्रकात नेऊन वाचून दाखवतो:
वाढा. मरू नका. जखम आहे, भरून काढा.

यात खोटं काही नाही.
गळ काढताना तुझं बोट फाटलं होतं,
ते याच शब्दांनी सांधलं.
फक्त तिथे निरोप दहा दिवसांत थांबला.
इथे बावीस वर्षं.
एवढ्यात एका पेशीच्या मजकुरात खोडाखोड झाली,
पी-त्रेपन्नच्या ओळीवर,
नियमाने तिने मरायला हवं होतं.
पण मरू नका तिनेही ऐकलं.
तिला वेगळं सांगणारं कुणी नव्हतं.
ती राहिली. मग दोन. मग
चौथ्या डबीतला हा कोपरा,
जांभळा, दाटीवाटीचा, कुठल्याच रांगेत नसलेला,
खालचा पातळ पडदा ओलांडून
स्नायूच्या दिशेने जरासा निघालेला.

जरासा. हा शब्द अहवालात चालत नाही.
मी मिलिमीटर लिहिते.
स्लाइड कोपनहेगनला पाठवायची, तिथला शिक्का हवा.
सर्जनला आजच कळवायचं.
आता माझी पाळी, टेकडीवर मी उभी आहे
आणि हात थंड पडलेत.

नियमाप्रमाणे मी तुला फोन करायचा नसतो.
पण अठ्ठेचाळीस घरांचं आपलं गाव,
आणि तू दुसऱ्या घंटेलाच उचलतोस.
मागे रेडिओ, हवामानाची बातमी, खोल समुद्राची उंची.
तू सगळं ऐकून घेतोस. मध्ये एकदाच खोकतोस.
मग म्हणतोस, सोल्वा, ऑक्टोबरात मेंढ्या खाली आणायच्यात,
त्यानंतर नाही का जमणार?

खिडकीबाहेर अजून काहीच दिसत नाही.
नाही, मी म्हणते. नंतर नाही.
मेंढ्या आम्ही आणू.
तू किती वेळ गप्प.
मग विचारतोस,
कुत्रा तुझं ऐकेल का?