हालुहल्लु

परवा उद्यमबागेतून सुटून आलो,
डब्याची पिशवी अजून हातातच,
तर भार्गवी दारात तोंड वासून उभी.
'बाबा, बघ की, हालुहल्लु!'
मी म्हटलं, 'व्हय, हळूहळू पडंल. ओढू नको.'
ती हसली. वरच्या मजल्यावरची सहनाही हसली,
पाहुण्याचं चुकल्यावर मोठी माणसं हसतात तशा,
एकमेकींकडे बघून.
'हळूहळू नव्हे बाबा.
हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात.'

अकरा वर्षं या शहरात भट्टीशेजारी काम करतोय.
बिसी, म्हणजे गरम. निल्लु, म्हणजे थांब. एत्तु, म्हणजे उचल.
मालकाशी भाडं, पाणी, मीटर, एवढंही जमतं.
पण दुधाच्या दाताला
फाउंड्रीत कोण काय म्हणणार?

माझं काम पॅटर्नचं.
ओतलेलं लोखंड निवताना आटतं, शंभराला एक.
म्हणून लाकडाचा नमुना आधीच थोडा मोठा धरायचा.
त्यासाठी वेगळी पट्टी असते आमची,
तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक.
नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी बजावतो:
ही घरी न्यायची नाही,
घरचं काही हिनं मोजायचं नाही.

मी नेली.
खंडेनवमीला हत्यारांबरोबर पूजेला म्हणून नेली,
कपाळभर कुंकू लावलेली पट्टी,
आणि भार्गवी आपण होऊनच
स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.
टाचा उचलू नको म्हटलं. तिनं उचलल्याच.
तेव्हापासून दर खंडेनवमीला त्याच पट्टीनं.
यंदा एकशे चौदा.
खरी एकशे पंधराच्याही जरा वर.
चौकटीवरच्या त्या पेन्सिलीच्या रेघांत
माझी पोरगी दरवर्षी थोडी कमी वाढली आहे
आणि हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तिच्या आईचा हिशेब सरळ.
शहापुरातल्या शिंप्याला सांगते,
'वाढत्या अंगाचा शिवा, खाली चार बोटं दुमडून ठेवा.'
जूनमध्ये फ्रॉक गुडघ्याखाली लोंबत असतो,
दिवाळीत दुमड उसवते,
जुन्या शिवणीची रेघ मात्र तशीच राहते,
धुऊनही जात नाही.

दुसऱ्या गेटावर मालगाडी लागली
की स्कूटरवर पुढं उभी राहून डबे मोजते.
गेल्या वर्षी सगळे मराठीत मोजायची, शेवटी चुकायची.
आता विसापर्यंत मराठी,
पुढं इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु...
मला मध्येच थांबावं लागतं,
ती मोजत पुढं जाते,
गाडी लोंढ्याकडं, तिचे आकडे तिच्याबरोबर.
'किती गं?' विचारलं
तर माझ्यासाठी मराठीत सांगते.
ते 'माझ्यासाठी' कुठंतरी बसतं,
लाकडातली बारीक कूस बोटात बसते तसं.
दुखत नाही. हाताला लागत राहतं.

दात आज सकाळी पडला.
सफरचंदात निघाला, रक्ताचा ठिपका,
रडायचं का हसायचं हे ठरेना म्हणून
तिनं आधी माझ्याकडं बघितलं.
(हे बघणं अजून आहे.)
आमच्या गावाकडं कौलावर टाकतात,
इथं पत्रा. टाकला.
टण् वाजला, घरंगळला,
आणि परत तिच्या पायाशी येऊन पडला.
'परत टाक.' परत टाकला. परत आला.
तिसऱ्यांदा सहनाच्या आईनं वरून वाकून विचारलं,
काय चाललंय?
भार्गवीनं मान वर करून दोन वाक्यांत सगळं सांगितलं,
आणि त्या दोन वाक्यांत
'अप्पा' एवढाच शब्द मला कळला.

चौथ्यांदा टाकल्यासारखं केलं मी.
मूठ मिटलेलीच होती.
ती पत्र्याकडं कान देऊन उभी,
'वाजला नाही बाबा.'
म्हटलं, 'हळू टाकला.'

कामाच्या पिशवीत, पट्टीशेजारी, कागदात आहे.
भट्टीपासून लांब ठेवलाय.