पहिलं अक्षर

मोकलबाईंचा खोका त्यांच्या भाच्यानं आणून दिला.
वर रिकाम्या रिबनी, खाली एकशे बारा फ्लॉप्या,
सव्वापाच इंची, प्रत्येकीवर निळ्या बॉलपेननं:
लग्न उरण. लग्न रेवदंडा. बारसं.
लग्न उरण, दुरुस्त.
लग्न उरण, परत दुरुस्त.

काळाचौकीत जिन्याखाली बाईंचं डीटीपी होतं.
भाचा म्हणाला, भंगारवाला घेत नाही, वजन भरत नाही.

रविवारी आम्ही तिघं, चेंबूरला, माझ्या स्वयंपाकघरात.
ओट्यावर थ्री-एटी-सिक्स,
बुडालेल्या पतपेढीच्या लिलावातलं,
अजून कपाळावर पांढऱ्या रंगात: मालमत्ता क्र. ४१.
त्याचे कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला शोधले तेव्हा
दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला,
हा तर आता तुमच्याच वयाचा माल.

इथली हवा फ्लॉपीलाही सोडत नाही.
लोणच्यावर यावी तशी बुरशी चढते चकतीवर.
क्षमा रेडीज पॅथॉलॉजीत रक्त काढते,
तिच्या हाताला कंप नाही.
ती पाकिटाची कड ब्लेडनं उघडते,
कापूस, स्पिरिट,
आणि फिरवत राहते ती काळी पोळी
मधल्या भोकात बोट घालून.

मग ड्राइव्ह. आधी खर्र, मग खर्र,
मग अल्ताफ पटवेकर श्वास धरतो.
आवाजावरून त्याला कळतं
सेक्टर वाचला की वाचल्यासारखं केलं.

नव्या लॅपटॉपवर बाईंचं मराठी
म्हणजे पाउंडाच्या खुणा, उलटे स्वल्पविराम,
कुणी दात-ओठ खाऊन बोलावं तसं.
तो जुना फॉण्ट घातला की सगळे आपापल्या जागी बसतात,
लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे.
त्या फॉण्टात पहिली वेलांटी आधी टाइप करायची,
अक्षर नंतर.
छत्री आधी उघडायची, माणूस मागून येणार.

सत्तेचाळिसाव्या फ्लॉपीवर काहीच नव्हतं.
काहीच नव्हतं म्हणजे पुसलेलं होतं.
डॉस फाइल पुसतो म्हणजे काय करतो,
नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतो.
बाकी सगळं तिथेच, घर भाड्याला दिल्यासारखं,
नवा भाडेकरू येईपर्यंत.

परत आणायला निघालो तर पडद्यावर
?ANDA.TXT
आणि खाली, अगदी सभ्यपणे,
पहिलं अक्षर सांगा.

क्षमा म्हणाली, नंदा.
अल्ताफ म्हणाला, मंदा का नाही?
माझी एक चांदा नावाची मावशी होती, पण ते मी बोललो नाही,
तिथे मुळात दोन अक्षरं लागली असती.
भाच्याला फोन लावला.
आमच्यात नंदा कोणी नाही, तो म्हणाला,
मंदाही नाही. लग्नाची असेल कुणाची तरी.

अल्ताफ म्हणाला, काहीही टाक, यंत्र तपासत नाही.
हे खरं. ते कधीच तपासत नाही.

लग्नाची नव्हती.
"रागावू नकोस. परवा मी जेट्टीवर आले होते,
तू लाँचमध्ये बसलेली दिसलीस, हाक मारणार तेवढ्यात"

आणि त्याच ओळीत, स्वल्पविरामही न देता,
"आमच्या येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव"
पुढे नवा भाडेकरू,
वाजंत्री, मुहूर्त, गोरज, मु. पो. नागाव,
आहेर आणू नये.

कुणी बोललं नाही. चहा झाला होता, गाळायचा राहिला.
आपण हे वाचायला नको होतं, क्षमा म्हणाली,
आणि वाकून परत वाचलं.

आम्ही चकतीची प्रत काढली, बिट न् बिट.
मग प्रतीची प्रत.
एकीत नंदा लिहिलं, एकीत मंदा.
मूळ फ्लॉपीला हात लावला नाही.
तिला सिलिका जेलच्या पुडीबरोबर स्टीलच्या डब्यात ठेवलं,
आणि लेबलावर, बाईंच्या अक्षराखाली, पेन्सिलीनं
तारीख टाकली.

बाईंनी लिहिलं होतं: कोरी.