मालखान्याची किल्ली

मास्तरांनी नाव घालताना आईला विचारलं, पोर कधीचं?
आई म्हणाली, आंबे उतरत आले होते,
म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी.
मास्तरांनी टाक बुडवला, लिहिलं: एक जुलै.
आमचा अख्खा वर्ग एक जुलैला जन्मलेला.

त्या शाईवर नोकरी लागली,
त्याच शाईनं तीस जून ठरली.
एक तारखेला जन्मलेला माणूस
आदल्या महिन्यातच म्हातारा होतो,
असा नियम आहे.

कंपू ठाणं, लष्कर, ग्वाल्हेर.
मालखाना एकवीस वर्षं माझ्याकडे.
जूनभर, त्या भट्टीत, मी मोजत होतो:
कट्टे एकोणचाळीस, सुऱ्या गोणीभर,
दारूच्या बाटल्या, त्यातल्या सात
सील न तुटता रिकाम्या
(उन्हानं उडाली, असं लिहायचं असतं),
एक लेडीज सायकल, सन एक्क्याण्णव,
'न्यायालयाच्या आदेशापर्यंत'.
टायरांचा भुगा झाला. आदेश यायचाय.
पुष्पेंद्र राजावत यादीवर सह्या करत होता,
भराभर. माझ्या जागी त्याची फीत चढणार होती.

अठ्ठावीसला संध्याकाळी वायरलेसवर आलं:
साठाचे बासष्ट.
कुणी पेढे मागितले,
कुणी नुसतं 'अरे अरे' केलं.
कुमुदनं बाड्यावरच्या माळ्याला हाराचे पैसे दिलेले,
बडोद्याची दोन तिकिटं काढलेली, बहिणीकडची.
तिकिटं तिनं औषधांच्या डब्यात ठेवली.
माळी म्हणाला, पैसे परत नाहीत,
हार केव्हाही न्या.

वामन इंगळे एकतीस मेला सुटला.
त्याची म्हैस महिनाभर आधी व्याली असणार.
फोनवर म्हणाला, नशीबवान आहेस लेका,
दोन वर्षं पुरा पगार.
मग थांबून: गुडघे कसे आहेत?

राजावत काही बोलला नाही.
त्याच्या पगारातून दरमहा जे कापतात
ते कुठल्याशा बाजारात वरखाली होतं.
गस्तीला निघण्याआधी तो मोबाईलवर बघतो,
क्रिकेटचा स्कोअर बघावा तसं.
माझी पेन्शन ठरलेली,
फक्त मी तिच्यापर्यंत पोचायचा.
तो पोचेल, तेव्हा तिथं काय असेल
हे त्याला कुणी लिहून दिलेलं नाही.
खाकी मात्र एकाच ठाणातली.

एकदा विचारलं, तुझा जन्म खरा कधीचा रे?
म्हणाला, दवाखान्यातला आहे मी, भाऊसाहब,
सर्टिफिकेटावर वेळसुद्धा आहे,
पहाटे चार दहा.

काल कोर्टानं मुद्देमाल मागवला,
क्रमांक एकशे बारा, सगळ्यात वरची फळी.
किल्ली माझ्याच करगोट्याला, म्हणून मीच चढलो.
एक पायरी, मग गुडघा, मग दुसरी.
खाली राजावत शिडी धरून उभा.
घट्ट धरलीय की सैल,
ते मी वाकून बघितलं नाही.