इसाक नाखव्याचं शीड

इस्कंदरियाहून येताना त्याने आणले
पत्र्याचे सहा डबे, एक यंत्र, आणि पायाला खरूज.
मचव्याचं शीड पापडखारात उकडून पांढरं केलं,
जैतापूरच्या धक्क्यामागे दोन माडांना ताणलं.
एक आणा, नाहीतर दोन ओंजळी सुका जवळा.

हँडल माझ्या हातात. मी तेरा वर्षांचा.
तो पुढे उभा राहून गोष्ट सांगायचा:
कापसाचा एक व्यापारी. एक नाचणारी.
पहिल्या डब्यात भरलेली वखार, तिसऱ्यात अर्धी,
पाचव्यात नुसती किल्ली.
मध्येच अक्षरं यायची, उजवीकडून डावीकडे,
आणि पुढे बसलेले म्हातारे
नकळत डोक्यावर रुमाल ओढून घ्यायचे.
काय लिहिलंय ते कोणाला ठाऊक!
कदाचित, "आणखी एक पेला भर."

बायका म्हणायच्या, मेल्याला अक्कल नाय.
नाखवा सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

चौथ्या डब्यात ती मागे वळून बघते.
तिथे तो माझ्या मनगटावर हात ठेवायचा.
"हळू." मग, "अजून हळू."
आणि एका रात्री, "थांब."
शिडावर ती थांबली,
कपाळावरून शिवण गेलेली, गालाला ठिगळ,
खाडीचा वारा भरला की फुगणारी.
मग हनुवटीपासून एक तपकिरी डाग चढत गेला
आणि शीड कोरं झालं.
थांबली की फिल्म जळते. मला ठाऊक होतं.
त्यानेच शिकवलं होतं.

जळका तुकडा कापायचा, जोडायचा, पुन्हा तेच.
दर खेळाला ती थोडी कमी वळायची.
नवा चौथा डबा आणायला
आगबोटीवरच्या खलाशांकडे पैसे दिले.
खलाशी परत आले.
आधी माडाची बाग गेली, मग हज्राबीच्या पाटल्या,
मग मचवा, नाट्याच्या एका भंडाऱ्याला,
शिडाशिवाय, म्हणून आठ रुपये कमी.

हज्राबीने एकदाच विचारलं, तेही मला:
"बाबू, ती वळून बघते ती ह्यांच्याकडं का रे?"
मी म्हटलं, नाही चाची,
तिथे कडेला एक घोडागाडी उभी आहे.

सहावा डबा कधी लागलाच नाही.
चौथ्यापाशी लोक उठून घरी जायचे.
पुढे तो रिकामा करून
हज्राबी त्यात तांदूळ ठेवायची, असले तर.
झाकणावर ती अक्षरं होती,
म्हणून त्याला कोणाचा पाय लागू द्यायची नाही.